क्षमा कशाची, ते लिहून कळवा

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मु. चिंचमळा, ता. निपाणी
दिनांक ३ ऑक्टोबर २०२४

श्रीमती राजश्रीबाई यांस, हल्ली मुक्काम गुंजी,
सादर नमस्कार.

लिहून देणार तवनाप्पा आदगोंडा मगदूम, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण मराठी चौथी पास, राहणार चिंचमळा, येथील सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या कमिटीचा बावीस वर्षे अध्यक्ष. कागदावर काही सांगावयाचे असेल तर प्रथम आपण कोण ते सांगावे, ही रीत मी एका बांधाच्या दाव्यात साक्ष दिली तेव्हा शिकलो. ती मोडण्याचे कारण मला दिसत नाही. तुम्ही मला ओळखता, तरीही.

इकडील सर्व क्षेमकुशल. तंबाखूची लावण उरकली. सौ. तारामतीचा गुडघा दुखतो, परंतु तिची तक्रार नसते. तिकडे पाऊस फार, असे ऐकतो. शहापूरला तुमच्या वडिलांचा हातमाग अद्याप चालू असेल, अशी आशा करतो.

तुमचे कार्ड गेल्या शुक्रवारी पोहोचले. पर्युषण संपल्यावर आमच्यात क्षमावाणीचा दिवस येतो, तो तुम्ही येथे सहा वर्षे मुख्याध्यापिका असताना पाहिलेलाच आहे. त्या दिवशी लहानाने थोराची व थोराने लहानाची, वर्षभरात कळत नकळत झालेल्या चुकांबद्दल हात जोडून क्षमा मागावयाची असते. परगावच्या मंडळींसाठी मी दरवर्षी निपाणीहून कार्डे छापून आणतो. पत्ते मात्र स्वहस्ते घालतो. गेल्या वर्षी यादीतून तुमचे नाव मीच खोडले होते. यंदा मीच पुन्हा लिहिले. आजवर या कार्डांना उलट उत्तर आलेच तर ‘आमचीही क्षमा असावी’ एवढेच येत असे. तुमचे उत्तर असे आले: ‘आप्पा, क्षमा करायला माझी ना नाही. पण क्षमा कशाची, ते लिहून कळवा. छापलेल्या मजकुरात मला ते सापडले नाही.’

पाच दिवस ते कार्ड कोनाड्यात होते. येताजाता दिसे. विचारणे रास्त आहे, असे माझे मत झाले. सबब लिहितो.

सन २०२३ च्या जून महिन्यात तुमच्याविरुद्ध एक तक्रार अर्ज तालुक्याच्या शिक्षण कचेरीत दाखल झाला. त्यावर अध्यक्ष या नात्याने माझी सही आहे. अर्ज कन्नडमध्ये टाईप केलेला होता. मला कन्नड बोलता येते, आणि चांगले येते. माझी आई चिकोडीकडची होती व चुलीपुढे बसून ती आम्हा भावंडांशी कन्नडमध्येच बोले. परंतु ती अक्षरे मला वाचता येत नाहीत. हे तुम्हांस ठाऊक आहे. कसे ठाऊक झाले, तो विषय येथे नको. आमचा नातू अरिहंत ती वाचतो, पण तो नोकरीनिमित्त बेळगावास असतो. घरात ती अक्षरे वाचणारे दुसरे कोणी नाही.

अर्जात तीन कलमे होती. पहिले, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मुलांना बसवून खुर्चीचा अवमान केला जातो. दुसरे, अध्यक्षांस न विचारता व्हरांड्यात जमिनीवर बायकांच्या बैठका घेतल्या जातात. तिसरे, शाळेच्या आवारात मुलांकडून विडीकाम करून घेतले जाते.

तिसरे कलम खरे नव्हते. आपल्या गावच्या निम्म्या बायका विड्या वळतात. आई वळायला बसली की थोरल्या मुलीने धाकटे मूल सांभाळायचे आणि विडीची पाने कातरून द्यायची, म्हणून मुली घरी राहात. तुम्ही आयांना दुपारी लहान मुलांसह शाळेच्या व्हरांड्यात बसून पाने कातरण्याची मुभा दिली. तंबाखू फाटकाच्या आत आणावयाची नाही आणि पानाला मुलाचा हात लागावयाचा नाही, अशा तुमच्या दोन अटी होत्या. मुली वर्गात आल्या. पट सतरावरून एकतीसवर गेला. हे मी पाहिले होते. तरी न वाचता सही केली. त्या चुकीची क्षमा मागतो.

शाळेचे वर्तमान कळविणे माझे कर्तव्य आहे. तुमच्यानंतर एक मास्तर इन्चार्ज म्हणून आले. स्वभावाने सालस. आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या शाळेत, तीन दिवस आपल्याकडे, आणि त्या तिनांतले दोन मोबाईलवर सरकारला माहिती भरण्यात जातात. मान वर करायला त्यांना सवड नाही. पट चौदावर आला आहे. सकाळी फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊन भोंगा वाजवते. पूर्वी मुले घंटेवर पळत, आता भोंग्यावर पळतात. मार्चपर्यंत असेच राहिले तर शेजारच्या गावच्या शाळेत आपली शाळा मिळवून टाकू, असे तालुक्याच्या शिक्षण कचेरीतील साहेबांनी तोंडी सांगितले आहे.

आमच्या वेळी असे नव्हते, असे म्हातारे नेहमीच म्हणतात, हे मला माहीत आहे. तरी लिहितो. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा होता, आणि तो आण्णाप्पा गुरुजी स्वतः वाजवीत. शनिवारी आम्ही मुले वर्ग सारवीत असू. मुलींचा हात सफाईचा आणि आमचा नाही, म्हणून गुरुजी आमच्याकडून दोनदा सारवून घेत. भिंतीवर मुंबई राज्याचा नकाशा होता. मी चौथीत असताना नोव्हेंबर महिन्यात आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला. गुरुजींनी नकाशा उतरवला, फडक्याने पुसला आणि नवा आलेला नव्हता म्हणून पुन्हा त्याच खिळ्याला लावला. म्हणाले, “भिंत मोकळी दिसाय नगं.” पुढे दोन वर्षे तो तेथेच होता. आमच्या शेताची बांधबंदिस्ती जशी होती तशीच राहिली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात जाऊन बसलो.

खुर्ची माझ्या वडिलांनी शाळेस दिली होती, फणसाच्या लाकडाची, हात असलेली. पंचक्रोशीत अशी खुर्ची दुसऱ्या शाळेत नव्हती. माझ्या शेवटच्या महिन्यांत ती बहुधा रिकामीच असे, तरी वर्गात शिरताना आम्ही तिला नमस्कार करीत असू. शाळेचा मुख्य म्हणजे काय, ते मला त्या रिकाम्या खुर्चीने शिकविले. माणूस नसतानाही ज्याचा धाक राहतो, तो मुख्य. मी बावीस वर्षे अध्यक्षपण त्याच रीतीने केले. आणि म्हणून विडीवालीची पोर त्या खुर्चीत पाय हलवीत बसलेली पाहून मला काय वाटले असेल, ते तुम्ही समजू शकाल.

कळावे. चूक मान्य आहे. लोभ आहेच, असे गृहीत धरीत नाही.

आपला,
तवनाप्पा आदगोंडा मगदूम


॥ श्री वीतरागाय नमः ॥

मु. चिंचमळा, ता. निपाणी
दिनांक २ फेब्रुवारी २०२५

श्रीमती राजश्रीबाई यांस, मु. गुंजी,
सादर नमस्कार.

पुन्हा लिहून देणार तोच. वय तेच, धंदा तोच. अध्यक्ष हा शब्द मात्र या वेळी गाळला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

इकडे तंबाखूची कापणी चालू आहे. सकाळी दार उघडले की वास घरात येतो. तुम्ही प्रथम आलात तेव्हा या वासाने तुम्हांस ठसका लागे आणि मुले हसत, ते आठवले.

माझ्या ऑक्टोबरच्या पत्रास तुमचे उत्तर आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. त्या पत्रातील प्रत्येक वाक्य वेगवेगळे तपासले तर एक सोडून बाकी सर्व खरे आहे आणि एकत्र वाचले तर सर्व खोटे आहे. ही दुसरी गोष्ट मला पत्र टाकण्यापूर्वी ठाऊक होती. पहिली तोंडावर सांगणारे माणूस मात्र पत्र टाकल्यावर भेटले.

मी महत्त्वाच्या कागदाची नक्कल ठेवतो व ती घरात वाचून दाखवितो. पत्र टाकले त्या दिवशी तारामती घराच्या पुढच्या सोप्यात वाल सोलीत होती. झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो. त्यातील शुद्धाशुद्धाची जबाबदारी बोलणाराची.

ती म्हणाली, “ह्यात एक खोटं हाय.”

“कोणते?”

“घरात ती अक्षरं वाचणारं दुसरं कोण न्हाई, म्हणून लिवलायसा ते.”

असे म्हणून तिने वालाच्या टरफलांखाली पसरलेला कन्नड वर्तमानपत्राचा कागद ओढला, टरफले झटकली, आणि संकेश्वरच्या बाजारातील मिरचीचे भाव मला धडाधड वाचून दाखविले. नंतर दुसरी बाजू उलटून कोणाच्या तरी श्रद्धांजलीची जाहिरातही वाचली.

राजश्रीबाई, आमच्या लग्नास चोपन्न वर्षे झाली. ती रायबागकडची, हे मला ठाऊक होते. तेथे ती सातवीपर्यंत शिकली, हे मला ठाऊक नव्हते.

मी म्हटले, “इतक्या वर्षांत बोलली नाहीस.”

“तुम्ही कवा इचारलंसा?”

“म्हणजे तो अर्ज तू...”

“फळीवर हुता आठ दिवस. धूळ झाडताना वाचला.”

“मग तेव्हा तरी बोलायचेस.”

“अध्यक्षांस्नी कोण बोलणार,” असे म्हणून ती वाल घेऊन आत गेली.

बावीस वर्षे ज्या धाकाचा मला अभिमान होता, तो प्रथम कोणाला लागला होता, ते मला त्या दिवशी समजले.

आता जे घडले ते सांगतो. आधी हे लिहावयास हवे होते.

मला ती अक्षरे वाचता येत नव्हती, हे खरे. पण तो अर्ज मला वाचून दाखविण्यात आला होता. दोन वेळा. अरिहंत त्या जूनमध्ये दोन दिवसांच्या रजेवर आला होता. मी सांगत गेलो आणि त्याने लॅपटॉपवर कन्नडमध्ये टाईप केले. पहिल्या वाचनात तिसरे कलम ‘शाळेच्या व्हरांड्यात बायका विडीची पाने कातरतात’ एवढेच होते. मी त्यास थांबविले व म्हणालो, “बायका नको. मुले लिही.”

तो म्हणाला, “आज्जा, पोरं कुठं कातरत्यात? बाई पानाला हात लावू देत न्हाईत. मी सोता बघितलंय.”

मी म्हणालो, “नुसत्या बायकांनी कचेरी हलणार नाही. तू लिही.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. मग दुसऱ्यांदा वाचून दाखविले. माझ्या आईच्या भाषेत ते वाक्य ऐकून, ते समजून, मी मराठीत सही केली. त्या दिवसापासून अरिहंत सणालाच येतो, आणि आला तर आजीशी बोलतो.

मी असे का केले, तेही लिहितो. खुर्चीत बसलेली पोर हे कारण नव्हते. खुर्चीत बसलेला मी, हे कारण होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही शनिवारचा वाचनाचा तास सुरू केलात. जो वाचील तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसेल आणि तुम्ही मुलांमध्ये खाली बसाल. त्या शनिवारी मी तपासणीच्या हेतूने आलो होतो, हे कबूल करतो. विडी वळणाऱ्या मालुबाईची मुलगी खुर्चीत बसून वाचीत होती. व्हरांड्यातून तिची आई कात्री थांबवून ऐकत होती. मुलीचे वाचून झाले तेव्हा तुम्ही उठून म्हणालात, “आता आप्पा वाचतील.” तुम्ही ते मानाने म्हणालात. त्यात खोट नव्हती, हे मी तेव्हाही जाणत होतो.

मी वडिलांनी दिलेल्या खुर्चीत आयुष्यात प्रथमच बसलो. मुलीने पुस्तक माझ्या हातात दिले. ते कन्नडचे होते. मराठी शाळेतील तिसरीची मुलेही आता ते वाचतात. मला येत नाही एवढेच म्हणावयाचे होते, आणि तेच मला म्हणता आले नाही. या राज्यात सहासष्ट वर्षे राहून मी ते कोणाजवळही म्हटलेले नव्हते. म्हणून पुस्तक समोर धरले आणि आईने सांगितलेली एक गोष्ट कन्नडमध्ये बोलू लागलो. मधून मधून पान उलटीत होतो. गोष्ट चांगली चालली होती. मुलगी खुर्चीच्या हाताशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “आप्पा, त्या पानावर गोष्ट न्हाई. तिथं नुसतं प्रश्न हाईत.”

मुले हसली. बायका हसल्या. मालुबाई म्हणाली, “असूं दे की गं. न वाचता बी लई झ्याक सांगत्यात आप्पा.” त्यावर पुन्हा हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलेत आणि म्हणालात, “गोष्ट पूर्ण करा, आप्पा. पुस्तकापेक्षा ही बरी आहे.” मी उठून निघून गेलो.

सर्वांचे हसणे मी चार दिवसांत विसरलो असतो. तुम्ही हसला नाहीत, ते मात्र मला सोसले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. तीच लिहिण्यास मला सर्वांत जड जाते.

तक्रारीनंतर तुम्ही आमच्या घरी आलात. दारात उभ्या राहून म्हणालात, “आप्पा, माझं काय चुकलं, ते तोंडावर सांगा. मी दुरुस्त करीन.” मी सोप्यात आरामखुर्चीवर होतो. मी ‘बसा’ म्हटले नाही. म्हणालो, “जे आहे ते कागदावर आहे.” तारामतीने पाणी आणले. ते तुम्ही उभ्यानेच प्यालात, तांब्या तिच्या हातात दिलात आणि गेलात. पंधरा दिवसांनी तुमची गुंजीस रवानगी झाली, मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, आणि तुमच्या नोकरीच्या पुस्तकात तिसऱ्या कलमाची नोंद राहिली.

मागील पत्रात मी रिकाम्या खुर्चीविषयी मोठ्या तोऱ्याने लिहिले. ती रिकामी का असे, ते लिहिले नाही. ते मला माहीत होते आणि अडुसष्ट वर्षे मी ते बाजूला ठेवले होते. सध्या कापणीचे दिवस आहेत आणि तेव्हाही तेच होते. चौथीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. एके दुपारी आण्णाप्पा गुरुजी सायकल हातात धरून आमच्या दारी आले. याच दारी. वडील सोप्यात होते. मी आत भिंतीआड, हाताला तंबाखूचा चीक.

गुरुजी म्हणाले, “तवनूला पाचवीला निपाणीला घाला. माझ्या भैनीकडं ऱ्हाईल. पोराचं डोस्कं चांगलं हाय, वाया घालवू नगासा.”

वडील म्हणाले, “शाळंला खुर्ची दिली की, गुरुजी. आनि काय द्यायचं?”

गुरुजी उभेच होते. वडिलांनी त्यांना बसा म्हटले नाही. मग गुरुजींनी सायकल वळवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या खुर्चीवर फुटक्या पाट्यांची चळत ठेवली आणि स्वतः व्हरांड्यात जमिनीवर बसून पाट्यांच्या चौकटी ठोकू लागले. आम्ही येऊन खुर्चीला नमस्कार करीत असू आणि गुरुजींना ओलांडून आत जात असू. मी चौथी पास होऊन निघालो तोवर ते त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत.

म्हणजे मुख्य माणूस व्हरांड्यात होता, आणि मी बावीस वर्षे खुर्चीच्या फळकुटाची नक्कल केली. तुम्ही व्हरांड्यातच बसत होता. दारोदार जात होता. ज्या बायकांना मी बैठकीत उंबऱ्याच्या आत घेतले नाही, त्यांना विचारून तुम्ही दुपारची वेळ ठरवीत होता. आज शाळेपुढे जे उभे आहे, म्हणजे भोंग्याची गाडी, मोबाईल, घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, त्यात धाक काय करणार? धाकाने मुले फार तर गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी शाळेत ती येतीलच असे नाही. हे मला तुमच्याकडून तोंडावर कळले असते, जर मी तुम्हांस बसावयास दिले असते.

आता केले ते.

ऑक्टोबरपासून रोज सकाळी तारामती मला कन्नडची अक्षरे शिकविते. ती कडक मास्तरीण आहे. एक अक्षर चुकले तर चहा मिळत नाही. मी म्हटले, “सातवी शिकलेल्या बाईने चौथीवाल्याला इतके छळू नये.” ती म्हणाली, “चोपन्न वर्सांचं मागं ऱ्हायलंय, ते आधी फेडून घ्या.” जानेवारीपर्यंत मला छापील ओळ सावकाश लागू लागली.

जानेवारीच्या तेरा तारखेस अरिहंत आला. मी त्यास सर्व सांगितले आणि अर्ज मागे घेण्याचा कागद टाईप करून मागितला. तिसरे कलम खोटे असून ते माझ्या सांगण्यावरून घातले, असे स्पष्ट लिहावयास सांगितले. त्याने टाईप केले. वाचून दाखवू लागला, तेव्हा मी म्हटले, “नको. या वेळी मी वाचीन, कचेरीत, सहीपूर्वी.”

कचेरीत साहेब म्हणाले, “आप्पा, आम्ही वाचलंय. तुम्ही फक्त सही करा.” मी म्हटले, “आपण वाचलेत. मी अद्याप वाचलेला नाही.” दीड पानाचा कागद होता. मी बोट ठेवून वाचीत गेलो. साहेबांनी मध्ये दोनदा चहा घेतला आणि एकदा फोनवर कोणाला सांगितले की येथे परीक्षा चालू आहे. सही करताना लक्षात आले की स्वतः वाचून सही मी आजवर एकाही कन्नड कागदावर केलेली नाही. चार दिवसांपूर्वी तुमच्या पुस्तकातील नोंद रद्द झाल्याचे पत्र निघाले. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती मी वाचली आहे.

गेल्या शनिवारी शाळेत बैठक झाली. आया, बाप, इन्चार्ज मास्तर हजर होते. तुम्हांस लिहिले ते मी उभ्याने सर्वांस सांगितले. कोणी हसले नाही, म्हणून थोडे जड गेले. कमिटीचा अध्यक्ष मुलाचा पालक असावा लागतो, असा नियम आहे. तो कन्नडमध्ये छापून भिंतीवर लावलेला आहे, आणि तो मी बावीस वर्षे पाहात आलो. त्या दिवशी तो वाचला आणि राजीनामा दिला. मालुबाईस एकमताने अध्यक्ष केले. खुर्ची व्हरांड्यात काढली आहे. शनिवारी जो वाचतो तो बसतो. पट मात्र अजून चौदाच आहे आणि मार्च जवळ आला आहे. शाळा राहील की नाही, हे मी सांगू शकत नाही.

तुम्ही परत यावे, असे मी लिहिणार नाही. तो हक्क मी दारातच घालविला. मे महिन्यात बदल्या होतात, हे तुम्हांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मालुबाई तुम्हांस वेगळे लिहिणार आहेत. त्यांच्या पत्रातील मजकुराशी माझा संबंध नाही.

तुम्ही विचारले होते, क्षमा कशाची. जे खोटे आहे हे मला ठाऊक होते ते मी तुमच्याविरुद्ध लिहविले, आणि त्यावर विचारावयास तुम्ही माझ्या दारी आलात तेव्हा तुम्हांस बसा म्हटले नाही. या दोन गोष्टींची. कळत. नकळत नव्हे.

हे पत्र टाकण्यापूर्वी दोघींना वाचून दाखविले. मालुबाई आमच्या सोप्यात प्रथमच आल्या आणि जमिनीवर टेकू लागल्या. मी आरामखुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, “हितं बसल्यावर तक्रार न्हाई न्हवं जायाची?” मी म्हटले, “गेली तर अध्यक्षांकडेच येईल.” मग त्या बसल्या. तारामतीसाठी मी आतून स्टूल आणले. तिने आधी ते पुसले.

खाली दोन सह्या आहेत, एक मराठी व एक कन्नड. दोन्ही माझ्याच.

तवनाप्पा आदगोंडा मगदूम, शिक्षण मराठी चौथी पास, कन्नड चालू

समक्ष हजर:
१. सौ. तारामती तवनाप्पा मगदूम, लिहिणाराची पत्नी, शिक्षण कन्नड सातवी. मजकूर ऐकला. खोटे आढळले नाही.
२. मालुबाई, विडी कामगार, अध्यक्ष, शाळा कमिटी, चिंचमळा. मजकूर ऐकला.

वरील दोघी बसलेल्या होत्या. लिहिणारा उभा होता.